दहापैकी सहा

मराठी पुरुषाला स्वतःच्या शरीराचा भूगोल कंबरेपर्यंत आणि गुडघ्याखाली उत्तम येतो. छातीत कळ आली तर तो ‘गॅस असेल’ म्हणून निदान करतो, पोट बिघडलं तर ओवा चावतो, पोटऱ्या दुखल्या तर तेल मागवतो. मधल्या टापूत काही बिनसलं, की मात्र हाच माणूस ‘जरा त्रास आहे’ एवढंच बोलतो आणि दवाखान्यात जाताना घरी ‘बँकेत जाऊन येतो’ असं सांगतो.

याचं मूळ आमच्याच शिक्षणखात्यात आहे. विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा एक धडा असायचा. तो आला की आमचे सर खिडकीबाहेर बघत ‘हा घरी वाचा’ म्हणायचे आणि पुढच्या धड्यावर जायचे. तो धडा घरी उघड्यावर वाचायला बसलेल्या मुलाचं काय झालं असतं, ते सांगायला नको. मी पुढे गणिताचा शिक्षक झालो, त्यामुळे त्या धड्याची जबाबदारी माझ्यावर कधी आली नाही. निवृत्तीनंतर मात्र तो राहिलेला गृहपाठ पुरा करावा लागला. मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी हिच्या मधून जाते आणि वीर्यातला काही द्रव ही तयार करते. उतारवयात हिला काम उरत नाही, तरी ही वाढतच राहते. सरकारी खाती जवळून पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. नुसती वाढली तर तो कॅन्सर नव्हे. रात्री सारखं उठणं, धार बारीक होणं, एसटीत बसण्याआधी स्टँडवरचं ‘ते’ ठिकाण हेरून ठेवणं, हे बहुतेक वेळा या साध्या वाढीचे उद्योग. कॅन्सर सुरुवातीला सहसा काहीच त्रास देत नाही. म्हणजे जो दंगा करतो तो निरुपद्रवी आणि जो मागच्या बाकावर गप्प बसलाय त्याच्यावर डोळा ठेवायचा. आयुष्य वर्गात काढलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

मी गेलो होतो ते रात्रीच्या उठण्यासाठीच. आम्ही सांगलीकर दुखणं आलं की मिरजेला जातो. सतारीसाठी आणि ऑपरेशनसाठी तिथं दोन राज्यांतून माणसं येतात. युरोलॉजिस्ट माझा जुना विद्यार्थी निघाला. ‘सर, तुम्ही!’ म्हणत पाया पडला. नववीत गृहपाठ न केल्याबद्दल या मुलाला मी कितीतरी वेळा अंगठे धरून उभं केलं होतं. त्याने घरची विचारपूस केली, चहा मागवला, आणि मग हातमोजा चढवत अत्यंत आदराने म्हणाला, ‘सर, जरा वाका.’

प्रोस्टेट हाताला मऊ लागते की टणक, हे मागच्या बाजूने बोट घालून बघण्याची ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. न्याय उशिरा मिळतो, पण मिळतो.

मग रक्ताची पाळी. प्रोस्टेटमध्ये तयार होणारं पीएसए नावाचं एक प्रथिन थोडं थोडं रक्तात उतरतं. चारच्या आत असेल तर साधारण ठीक मानतात. चढलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. जंतुसंसर्गाने, साध्या वाढीने, अगदी लांबवर सायकल मारल्यानेही आकडा वर जातो. म्हणून रक्त घेणाऱ्याने आधी दोन प्रश्न विचारायचे असतात. सायकलबद्दल त्या पोराने खणखणीत आवाजात विचारलं. दोन दिवसांतल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल विचारताना तो खिडकीबाहेर बघायला लागला. ‘घरी वाचा’ची परंपरा पुढच्या पिढीने जपलेली पाहून बरं वाटलं.

आकडा चढलेला निघाला. एमआरआय झाला, बायोप्सी झाली आणि निकाल लागला : ग्लीसन स्कोअर 6. घरी येऊन मी म्हणालो, ‘दहापैकी सहा.’ ही म्हणाली, ‘मग फर्स्ट क्लास आहे की हो!’

डोनाल्ड ग्लीसन हे अमेरिकेतल्या मिनियापोलिसचे पॅथॉलॉजिस्ट. त्यांनी 1960 च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींच्या रचनेला 1 ते 5 क्रमांक दिले. 1 म्हणजे रांगेत उभी शहाणी मुलं, 5 म्हणजे शाळा सुटल्यानंतरचा प्रकार. जी रचना सर्वांत जास्त तिचा क्रमांक आधी लिहायचा, दुसरीचा नंतर आणि दोन्हींची बेरीज करायची. आता खालचे 1 आणि 2 सहसा कुणाला देत नाहीत. त्यामुळे बायोप्सीत कॅन्सर सापडलाच तर गुण सहापासून सुरू. नापास कुणी होतच नाही. ही पद्धत आपल्या परीक्षा मंडळांनी शोधून काढली असा माझा समज होता. पण इथं जास्त गुण म्हणजे जास्त वाईट. सहा ऐकूनच लोक अर्धमेले व्हायला लागले, तेव्हा 2014 मध्ये पॅथॉलॉजिस्टांनी एकत्र बसून 1 ते 5 असे नवे गट केले आणि आमच्या 3+3 ला पहिल्या गटात बसवलं.

इथवर ठीक होतं. पण मग डॉक्टर म्हणाला, ‘सर, 3+4 असतं तर थोडा वेगळा विचार केला असता आणि 4+3 असतं तर आणखी वेगळा.’ मी म्हणालो, ‘अरे, दोन्ही सातच.’ तो म्हणाला, ‘सातच. पण पहिल्या सातात सौम्य पेशी जास्त, दुसऱ्यात आडदांड जास्त. पहिला सात दुसऱ्या गटात, दुसरा सात तिसऱ्या गटात.’ बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे मी हयातभर पोरांकडून घोकून घेतलं होतं. ‘सर, कशावरून?’ असं विचारणाऱ्यांनी अंगठे धरले होते. आणि आज त्यांतलाच एक मला समजावत होता, की क्रम बदलला की माणसाचं पुढचं सगळं बदलतं.

तरीही घराला खरा हादरा बसला तो पुढच्या वाक्याने : ‘आत्ता काही करायचं नाही. लक्ष ठेवायचं.’

ठरलेल्या महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी. रोग पुढे सरकतोय असं दिसलं, की मग उपचार. कॅनडातल्या टोरँटोच्या डॉ. लॉरेन्स क्लॉट्झ यांनी 1990 च्या दशकात ही वाट पाडली आणि आज सौम्य गटातल्या रोग्यांसाठी ती जगभर मळलेली आहे. पण आमच्या घरात साध्या सर्दीलाही काढा, वाफ, बाम आणि इचलकरंजीच्या मावशींचा फोन एवढं सगळं होतं. तिथं कॅन्सरला काहीच नाही? हिने डॉक्टरांकडे एकदा नीट बघितलं आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, ‘हा गणितात कसा होता हो?’

गणित डॉक्टरचं चांगलं होतं, हे मी नंतर स्वतः पडताळलं. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाची एक चाचणी झाली. रोग अजून ग्रंथीतच आहे अशा 1643 पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं : ऑपरेशन, रेडिएशन आणि देखरेख. पंधरा वर्षांनंतरचा हिशेब 2023 मध्ये छापून आला. या रोगाने दगावलेले तिन्ही गट मिळून शंभरात तीनसुद्धा नव्हते. अर्थात देखरेखवाल्यांपैकी साठ टक्क्यांना पुढे कधी ना कधी उपचार घ्यावेच लागले, आणि रोग पसरण्याचं प्रमाण त्यांच्यात साधारण नऊ टक्के निघालं, इतरांत पाचच्या आसपास. उलट ऑपरेशनवाल्यांच्या वाट्याला लघवीवर ताबा न राहणं आणि मधल्या टापूतली इतर गाऱ्हाणी जास्त आली. म्हणजे देखरेख ही दुर्लक्षाची सभ्य आवृत्ती नाही. तारखेला तारीख पाळावी लागते.

मला काही करायचं नाही ही बातमी गावात फुटली आणि सगळं गाव काहीतरी करायला धावलं.

पहिला मान हळदीचा. सांगली ही हळदीची पेठ. इथं कुठल्याही रोगावर हळद सांगणं हा वैद्यकीय सल्ला नसतो, तो व्यापार असतो. एका अडत्याने पिशवीभर हळकुंडं पाठवली. हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळांत काम झालंय हे खरं, पण पोटात गेलेलं कर्क्युमिन शरीर फारच थोडं शोषून घेतं. आणि गोळ्यांतून भरमसाट घेतल्यावर काही जणांचं यकृत बिघडल्याच्याही नोंदी आहेत. हळकुंडं भाचीच्या लग्नात कामी आली. माझ्या वाट्याची हळद आमटीतच असते.

दुसरा मान मेहुणीचा, म्हणजे टोमॅटोचा. 1995 मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांना दिसलं, की शिजवलेला टोमॅटो भरपूर खाणाऱ्यांत हा रोग कमी आढळतो. 2007 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुरावे चाळले आणि ते फार तोकडे असल्याचं सांगितलं. मेहुणी 1995 पर्यंतच पोचलेली आहे. त्यामुळे आमच्याकडे टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी, टोमॅटोची भाजी आणि तोंडी लावायला टोमॅटो. ज्या पावसाळ्यात टोमॅटो दीडशेच्या वर गेला, त्या पावसाळ्यात माझी तब्येत बरीच सुधारल्याचं हिने परस्पर जाहीर करून टाकलं.

मग आमच्या फिरायच्या गटातले निवृत्त बँक मॅनेजर. त्यांच्या मुलाने अमेरिकेहून व्हिटॅमिन ई च्या गोळ्यांचा डबा पाठवला होता. मी त्यांना सिलेक्ट चाचणीची गोष्ट सांगितली. पस्तीस हजारांहून जास्त पुरुष. कुणाला व्हिटॅमिन ई, कुणाला सेलेनियम, कुणाला दोन्ही, कुणाला नुसती खोटी गोळी. फायदा दिसेना म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या. 2011 मध्ये हिशेब लागला : नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त निघाला. साहेब म्हणाले, ‘पण ह्या गोळ्या अमेरिकेच्या आहेत.’ मी म्हणालो, ‘अभ्यासही अमेरिकेचाच आहे.’ ते जरा विचारात पडले. मी पुढे रेटलं, ‘लायनस पॉलिंग घ्या. दोन नोबेल मिळवलेला माणूस, व्हिटॅमिन सी चा कट्टर प्रचारक. 1994 मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरनेच गेला.’ साहेबांनी विचारलं, ‘वय काय होतं?’ मी म्हणालो, ‘त्र्याण्णव.’ साहेब विजयी मुद्रेने म्हणाले, ‘बघा! त्र्याण्णव!’

निवृत्त तलाठ्यांनी सुचवलेलं पेय मी इथं लिहीत नाही. ते देशी गाईचंच हवं, एवढाच त्यांचा आग्रह होता.

या सगळ्यांना उत्तर द्यायचं म्हणजे वाचायला हवं. रोग लपवावा की वाचावा, याबाबतीत मी दोन थोर रोगी डोळ्यांपुढे ठेवले आहेत. पहिले फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मित्तेराँ. 1981 मध्ये निवडून आल्यावर काही महिन्यांतच त्यांना पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झालं. प्रकृतीची पत्रकं नियमित निघत राहिली आणि त्यांत या रोगाचा उल्लेखही नसे. 1992 मध्ये ऑपरेशन होईपर्यंत देशाला पत्ता नव्हता. दुसरे इंटेलचे प्रमुख अँडी ग्रोव्ह. 1995 मध्ये निदान झाल्यावर हा गृहस्थ शोधनिबंध घेऊन बसला, आकड्यांचे आलेख काढले, वेगवेगळ्या पंथांच्या डॉक्टरांना गाठून प्रत्येकाला खोदून विचारलं, स्वतःचा उपचार स्वतः निवडला आणि 1996 मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकात सगळं नावानिशी लिहून काढलं. मराठी पुरुष जन्मतः मित्तेराँच्या पक्षाचा असतो. मी ग्रोव्हच्या पक्षात गेलो, कारण आलेखाच्या वह्या घरात पडून होत्या.

आता माझ्या पीएसएचा आलेख कपाटाच्या दारावर लावलेला आहे. रिपोर्ट आला की ही स्वयंपाकघरातून विचारते, ‘किती पडले?’ कमी पडले की घरात शिरा होतो. कमी गुण मिळाले म्हणून कौतुक व्हावं, हे माझ्या पेशाला अजून रुचत नाही. आकडा थोडा चढला तर मी वहीतलं वाक्य वाचून दाखवतो : एका आकड्यावर काही ठरत नाही, कल बघायचा असतो. ही म्हणते, ‘हेच पोरांच्या वेळी म्हणाला असतात तर!’

वाचता वाचता मला एक फार गोड अभ्यास सापडला. देखरेखीवर असलेल्या 478 अमेरिकन पुरुषांपैकी अर्ध्यांना फोनवरून मागे लागून भरपूर भाज्या खायला लावल्या. दोन वर्षं हे चाललं आणि 2020 मध्ये निष्कर्ष छापला : भाज्या खूप खाल्ल्या गेल्या, पण रोग पुढे सरकण्यात काहीही फरक पडला नाही. मी तो कागद ताटाशेजारी ठेवला आणि रविवारचा तांबडा रस्सा सन्मानाने परत मागितला.

हिने कागद डॉक्टरकडे नेला. डॉक्टर म्हणाला, ‘सर, अभ्यास बरोबर आहे. पण तुमच्या गटातली माणसं प्रोस्टेटने फारशी जात नाहीत. हृदयाने जातात. भाजी हृदयासाठी आहे.’ हा मुलगा गणितात चांगला असणारच होता. याला एकाच उत्तरात दोन प्रश्न सोडवायची सवय लागलेली आहे. तात्पर्य, पालेभाजी कायम, रस्सा सणावारी. वजन उतरवायचं, कारण स्थूल माणसांत हा रोग जास्त आक्रमक होताना दिसतो. विडी-सिगारेट बंद, कारण निदानानंतरही ओढत राहणारे या रोगानेही जास्त मरतात आणि हृदयानेही. जगावेगळं असं यात काही नाही. माझ्या आजीने फुकट सांगितलं असतं तेच मी शोधनिबंध वाचून शिकलो. फरक एवढाच, की आजीला ‘कशावरून?’ विचारायची सोय नव्हती.

खरी अडचण चालण्याची झाली. सांगलीत फिरणं म्हणजे आयर्विन पुलापर्यंत जायचं, कृष्णेचं पाणी बघायचं, कोयनेतून किती क्युसेक सोडलेत यावर मत द्यायचं, ओळखीचा दिसला की थांबायचं आणि भडंगाची पुडी घेऊन परतायचं. याला आम्ही व्यायाम समजत होतो. 2011 मधल्या एका अभ्यासात देखणे आकडे निघाले : आठवड्याला तीन तास किंवा जास्त झपाझप चालणाऱ्यांचा रोग पुढे सरकण्याचं प्रमाण, रमतगमत आणि थोडंच चालणाऱ्यांपेक्षा 57 टक्क्यांनी कमी. हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास. झपाझप चालणारे मुळातच धट्टेकट्टे असू शकतात, हे त्यात गृहीत धरायला हवं. पण चालण्याचा दुष्परिणाम अजून कुणाला सापडलेला नाही. वेग किती, तर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये जिथं मराठी नाटक उभं केलं, त्या नाट्यपंढरीत ही अट फार जाचक आहे. आमच्यातले एक गृहस्थ चालताना नाट्यपद आळवतात. ते आता मागे राहतात. तान ऐकू येत राहते, त्यामुळे हरवले नाहीत हे कळतं.

एके दिवशी पुलाच्या कठड्याशी दम खात असताना मी ठरवून, मोठ्याने, सगळं सांगितलं : कॅन्सर कुठे आहे, तपासणी कशी झाली, कुणी वाकायला लावलं. आधी भयाण शांतता पसरली. क्युसेकचा विषयसुद्धा कुणाला आठवेना. मग गाणारे गृहस्थ म्हणाले, की त्यांचाही रिपोर्ट आलाय, पण तो त्यांनी विम्याच्या कागदांत ठेवलाय आणि घरी सांगितलेलं नाही. बँक मॅनेजर म्हणाले, मोठ्या भावाला झाला होता. कळलं तेव्हा हाडांपर्यंत गेला होता. घरी परतताना तलाठी हळूच माझ्या बाजूला आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, ‘सर, त्या डॉक्टरचा नंबर देता का?’ मी विचारलं, ‘आणि देशी गाय?’ ते म्हणाले, ‘गाय आहेच की. पण एकदा दाखवून ठेवतो.’

तेव्हा वाचकहो, विशेषतः पन्नाशी ओलांडलेले पुरुष वाचकहो, पीएसएबद्दल डॉक्टरांशी एकदा मोकळेपणाने बोला. वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल तर पंचेचाळिशीतच बोला. तपासणी करायलाच हवी असा दंडक नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने 2012 मध्ये ती सरसकट नको म्हटलं आणि 2018 मध्ये 55 ते 69 वयाच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं म्हटलं. निदान झालंच, तर चार गोष्टी विचारा : माझा गट कोणता, आत्ता थांबलो तर काय होईल, उपचारांचे दुष्परिणाम शंभरात कितीजणांना होतात आणि देखरेख कधी थांबवायची. गट वरचा असेल तर देखरेख, टोमॅटो आणि चालणं यांवर भागत नाही. उपचारच घ्यावे लागतात आणि ते वेळेवर घ्यावेत. आणि दवाखान्यात जाताना बायकोला बरोबर न्या. खरे प्रश्न तीच विचारते, आणि उत्तरंही तिच्याच लक्षात राहतात.